पाइप बदलायचा राहिला

३ मे, मंगळवार

अण्णांनी सकाळी गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घातलं, ते जेवायच्या वेळेलाच बाहेर काढलं. बनियनला ग्रीस, कपाळाला ग्रीस. म्हणाले, "गाडीनेच जायचं. बस नाही, रेल्वे नाही. तू चालव, मी शेजारी बसतो."

म्हटलं, अहो, ऊन बघा! नणंदेकडे, ताईंकडे, पोचेपर्यंत आपण दोघं शिजून निघू.

"उन्हाने गाड्या बंद पडत नाहीत. चालवणाऱ्याच्या घाईने पडतात."

आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. सासरा असला तरी याबाबतीत त्यांच्याशी कोण वाद घालणार!

रविवारी त्यांना चौकातल्या चष्म्याच्या दुकानवाल्यांबद्दल, आमच्या चष्मेवाल्यांबद्दल, सांगितलं. म्हणजे सांगितलं कसलं — चहाचा कप पुढे ठेवला आणि एका दमात बोलून टाकलं की ते मला लग्नाचं विचारतायत आणि मी हो म्हणणार आहे. अण्णांनी चहा संपवला. मग म्हणाले, "माणूस चांगला आहे. माझी चष्म्याची काडी किती वेळा सरळ करून दिली, कधी तोंड वाकडं केलं नाही." बास, एवढंच. मी समजले, सुटले!

सोमवारी सकाळी दाढी करता करता, आरशात बघूनच, "मी ताईकडे जातो. कायमचा. ती कधीची बोलावतेय."

मी काय म्हणाले? "तुमची इच्छा."

जाऊ नका म्हणाले नाही. का म्हणून विचारलंही नाही. खरं लिहायचं तर हायसं वाटलं. नव्या घरात आधीच्या नवऱ्याचे वडील — कोणाला काय काय समजावत बसायचं? त्यांनीच सोडवलं. इथे तरी खोटं कशाला लिहू.

५ मे, गुरुवार

आज शाळा भरली. विद्यार्थिनी मी एकटी. वर्ग अंगणात, बॉनेटपुढे.

ही गाडी ह्यांची. हे गेले तेव्हा मी म्हटलं होतं, विकून टाकू. अण्णा म्हणाले, "विकायची नाही, शिकायची." आणि शिकवलं. मी कुंपणाला धडकले, भाजीवाल्याच्या हातगाडीला धडकले, एकदा तर अण्णांनाच ढकलणार होते. एका शब्दाने कधी ओरडले नाहीत. पण तेव्हा फक्त गाडी चालवायला शिकवली होती. आज गाडी सांभाळायला.

"आत आग, बाहेर आग. मधे एवढंसं पाणी. त्याच्यावर सगळा खेळ." मग डॅशबोर्डवरचा काटा. मधोमध असला तर गप्पा मार. मधोमधच्या वर सरकला तर एसी बंद. आणखी सरकला तर खिडक्या उघड आणि हीटर लाव, पूर्ण!

उन्हात हीटर? मला वाटलं, थट्टा करतायत.

"इंजिनाची गरमी आपल्या अंगावर ओढून घ्यायची. आपण घामाने निभावून नेतो, त्याला घाम येत नाही." चढ आला की आधीच एसी बंद. ट्रकच्या शेपटीला लागायचं नाही, वारा अडतो. थांबलं की लगेच किल्ली फिरवायची नाही, थोडं चालू ठेवायचं, पंखा फिरू द्यायचा. आणि गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात — "लावलास तर तोंड दाखवायला राहणार नाहीस, सांगून ठेवतो!"

मग वरचा रबरी पाइप दाबून बघितला. डॉक्टर पोट दाबतात तसा, दोन बोटांनी, डोळे मिटून. चेहरा बदलला. "हा मऊ पडलाय. उद्या दुकानातून नवा आण. जुना सोबत ने, मापाला. मी बसवतो."

बरं म्हटलं.

६ मे, शुक्रवार

पाइप आणला नाही.

दवाखान्यातून सुटले (आमच्या दातांच्या डॉक्टरांनी सुट्टी दिली, पण रिसेप्शनला बदली मुलगी मीच शोधायची, अशी अट!) आणि चष्मेवाले दाराशी उभे. पडदे बघायला जायचं ठरलं होतं, मी विसरले होते. निळे की राखाडी, यात तासभर गेला. जुना पाइप पर्समध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला. पर्सला रबराचा वास. "काय आहे?" विचारलं त्यांनी. "काही नाही," म्हटलं.

स्पेअर पार्टचं दुकान परतीच्या वाटेवरच. दिवे लागलेले दिसले. रिक्षा थांबवायचा कंटाळा केला.

अण्णांना सांगितलं, दुकान बंद होतं.

"असं? बरं. मग जुनाच बसवतो परत. सावकाश जाऊ." एवढंच बोलून हात पुसायचं फडकं घेऊन गेले.

७ मे, शनिवार. लॉजवर

आज पोचायला हवं होतं. पोचलो नाही. अर्धा रस्तासुद्धा झाला नाही! हा लॉज, ही दोन कॉटची खोली, पंखा फिरतो की नुसता विचार करतो कळत नाही. अण्णा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेत, गाडीकडे बघत. गाडी काय पळून जाणार आहे?

पहाटे निघालो तेव्हा छान होतं. अण्णा खुशीत होते. कुठल्या वळणावर कधी म्हैस आडवी आली, कुठल्या थांब्यावर कोण बाई रोज डबा द्यायची — त्यांचा हा जुना मार्ग. ऊन चढलं आणि थांबे सुरू झाले. थोडं गेलं की "घे बाजूला." झाड दिसलं की "घे बाजूला." बॉनेट उघडायचं, वाऱ्याकडे तोंड करून उभं करायचं, पाइपवर हात ठेवून बसायचं. काटा मधोमध! मी दाखवलासुद्धा. "असू दे. काटा सांगतो ते उशिरा सांगतो."

एसी नाही. दुपारी तर हीटर! पायांवर भट्टी. माझी साडी अंगाला चिकटून गेली. मागून येणारी पोरापोरींची गाडी हसत पुढे गेली.

सोमवारी विवाह नोंदणी कार्यालयात मी आणि चष्मेवाल्यांनी हजर राहायचंय, तारीख घ्यायला. उद्या अण्णांना सोडून लगेच फिरायचं असा बेत होता. चष्मेवाल्यांचा फोन आला: "काही घाई नाही, पुढची तारीख घेऊ." त्यांना घाई नाही. मला आहे! या सगळ्याची एकदाची सांगता व्हावी असं झालंय.

उद्या मी थांबणार नाही. सरळ सांगणार आहे.

८ मे, रविवार

सरकारी दवाखाना. अण्णा शुद्धीवर नाहीत. मी काय करून बसले!

९ मे, सोमवार

नर्सने बाहेर बसवलं आहे. लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी गाडीत बसल्या बसल्या मी बोलले. तयारच करून ठेवलेलं वाक्य. "अण्णा, आज मधे थांबायचं नाही. काल काटा एकदाही वर गेला नाही, तरी तुम्ही दिवस घालवलात. तुम्हाला पोचायचंच नाहीये का?"

आवाज चढला होता माझा. लॉजचा पोऱ्या गाडी पुसत होता, तोही थांबला.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. काहीतरी चोरताना सापडलेल्या माणसासारखं. मग पट्टा लावला. म्हणाले, "चल."

त्यानंतर चकार शब्द नाही. म्हैस नाही, डबेवाली बाई नाही, काही नाही. खिडकीबाहेर बघत बसले. मी एसी लावला, मुद्दाम. काही बोलले नाहीत. मला बरं वाटलं! वाटलं, बघा, चाललीय की नाही नीट?

मग तो लांबलचक चढ. दोन्हीकडे नुसते दगड, झाड म्हणून नाही. पुढे एक ट्रक रांगत होता, मी त्याच्या मागेच चिकटले. काटा हलला. मी पाहिला. मधोमधच्या वर गेला, तोही पाहिला. एसी बंद करायला हात गेला नाही. का नाही गेला? कारण अण्णा गप्प होते. मनात म्हटलं, काही असतं तर बोलले असते. आणि दुसरं, जास्त खरं — मला त्यांच्या बोलण्याची वाट बघायची होती. त्यांनी "घे बाजूला" म्हणावं आणि मी परत भडकावं! एवढा कोतेपणा. आणि ते? ते कदाचित मी विचारीन म्हणून थांबले असतील. चढ संपेपर्यंत दोघंही मूग गिळून बसलो. काटा लाल पट्टीत.

आधी वास आला. गोडसर, जळकट. मग काचेपुढे सगळं पांढरं. वाफच वाफ. गाडी कशीबशी कडेला घेतली. उतरले आणि वेड्यासारखी बॉनेट उघडायला धावले, झाकणापर्यंत हात गेला —

"हात लावू नकोस!"

सकाळच्या 'चल'नंतरचा पहिला शब्द. धावत आले — या वयात! — आणि मला मागे ओढलं.

पाइप लांबीच्या लांबी फाटला होता. तोच पाइप.

मला गाडीच्या सावलीत बसवलं. सावली ती केवढीशी, माझ्या पायांपुरतीही नाही. फोनला रेंज नाही. दोन मोटारी गेल्या, थांबल्या नाहीत. अण्णा इंजिन निवायची वाट बघत उन्हात उभे, डोक्यावर रुमाल. "तुम्ही पण बसा ना," मी म्हटलं. "मला सवय आहे." मग फडकं गुंडाळून झाकण अर्धं फिरवलं, वाफ जाऊ दिली, मग पूर्ण काढलं. फाटलेल्या जागी चिकटपट्टी, वर उन्हासाठी घेतलेल्या माझ्या ओढणीची पट्टी फाडून करकचून बांधली. आणि पाणी! आमच्या प्यायच्या बाटल्यांतलं पाणी हळूहळू आत ओतलं.

मी विचारलं, "तुम्ही प्यालात?"

"प्यालो मघाशीच. तू पी." बाटलीत तळाला राहिलेलं माझ्या हातात दिलं. मी घटाघटा प्याले.

झाकण सैल ठेवून निघालो, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, बैलगाडीच्या चालीने. थोडं गेलो आणि इंजिनाने खडखडून मान टाकली. मी अण्णांकडे वळले. ते घामाने निथळत होते ना इतका वेळ? आता कपाळ कोरडं ठणठणीत. लाल. डोळे कुठेतरी लांब.

म्हणाले, "सगळ्यांची तिकिटं झाली का? मग बेल मार."

मी रस्त्यात उभी राहून हात हलवत सुटले.

कोंबड्यांचे पिंजरे घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला. चालकाने डोक्याला बांधलेला ओला टॉवेल सोडून अण्णांच्या मानेभोवती लपेटला, त्यांना पुढे बसवलं. मी मागे पिंजऱ्यांत. सगळा रस्ता तो त्यांच्याशी बोलत होता, झोपू नये म्हणून. "आजोबा, कुठल्या रूटला होतात? आजोबा, कोणतं मॉडेल?" आणि अण्णा उत्तरं देत होते! माझ्याशी दिवसभरात चार शब्द बोलले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उष्माघात. बर्फ, सलाइन. मूत्रपिंडांवर ताण आलाय, दोन दिवस सांगता येणार नाही. मग सरळ माझ्याकडे बघून, "पाणी प्यायले नव्हते का हे?"

"प्यायले होते," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच कळलं. मी त्यांना पिताना पाहिलंच नव्हतं.

१० मे, मंगळवार

सकाळी डोळे उघडले. नर्सला विचारलं, "गाडी सावलीत आहे का?"

ताई दुपारी आल्या. कॉरिडॉरमध्ये माझ्या अंगावर आल्या, "माझ्या बापाला उन्हात उकडून आणलंस! एवढी जड झाली होती त्यांची भाकरी तुला?" लोक बघत होते. मी मान खाली घालून उभी. त्यांना पाइपचं माहीत नाही. माहीत असतं तर काय म्हणाल्या असत्या?



११ मे, बुधवार

टोचन लावून, ओढत, गाडी गॅरेजमध्ये आणलीय. मेकॅनिक तोंडात खिळा धरून बोलतो. "गॅस्केट गेलं, इंजिनाचं हेड वाकलं. पाइप फुटला तो फुटणारच होता, कुजलेला होता. पण काटा वर गेला तेव्हाच थांबवली असती ना, तर नुसत्या पाइपवर भागलं असतं."

हो दादा. माहीत आहे.

तो चांगुलपणाने म्हणाला, "मॅडम, होतं असं. लोक काट्याकडे बघतच नाहीत."

बघत होते मी! तेच तर.

१२ मे, गुरुवार

अण्णा उशाला टेकून बसले होते. ताई चहा आणायला खाली गेलेल्या. मी कॉटशेजारच्या लोखंडी स्टुलावर. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"अण्णा, ते दुकान बंद नव्हतं. मी आणलाच नाही पाइप."

त्यांनी सलाइनच्या नळीकडे बघत म्हटलं, "माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मी संध्याकाळी दूध आणायला गेलो होतो. दुकान उघडं होतं. मालक आत बसून पेपर वाचत होता."

"मग तुम्ही का नाही आणलात? मला का नाही बोललात?"

त्यांनी डोळे मिटले. वाटलं, डोळा लागला. मग म्हणाले — हे जसंच्या तसं लिहून ठेवते — म्हणाले, "मला वाटलं, तुलाच मी जायला नकोय. तोंडाने म्हणवत नाहीये, म्हणून पाइप आणला नाहीस. मग मीही नाही आणला. म्हटलं, सावकाश जाऊ. वाटेत कुठे तू म्हणशील, अण्णा, फिरवू या गाडी."

प्रत्येक झाडाखाली ते त्याची वाट बघत बसले होते. पाइपवर हात ठेवून!

आणि मी त्यांना काय विचारलं? पोचायचंच नाहीये का तुम्हाला.

मी डोळे पुसत बसले. ताई चहा घेऊन आल्या. "रडतेस कशाला आता," म्हणाल्या, पण कप माझ्याही हातात दिला.

१३ मे, शुक्रवार

दिवसभर एकच प्रश्न. खरंच तसं होतं का? मला ते जायला नको होते म्हणून मी दुकानासमोर रिक्षा थांबवली नाही? तसं असतं तर किती बरं झालं असतं. पण मी तर तेव्हा पडद्यांचा विचार करत होते. निळे की राखाडी.

१५ मे, रविवार

आज ताई त्यांना घेऊन गेल्या. मोठी भाड्याची गाडी, मागे गादी घातलेली, काचांना ओल्या चादरी. अण्णांना चाकांच्या खुर्चीतून बाहेर आणलं. किती हलके दिसत होते! सदरा दुसऱ्याचा वाटावा इतका.

चालकाला म्हणाले, "चढ लागला की एसी बंद कर रे." तो हसला, "आजोबा, नवी गाडी आहे." अण्णा मागे टेकले. पूर्वीचे अण्णा असते तर त्याला उतरवून बॉनेट उघडायला लावलं असतं.

मी खिडकीशी उभी. म्हणायचं होतं — आता तरी म्हण, फिरवू या! पण कुठल्या तोंडाने? त्यांच्या मुलीच्या देखत, तिच्या गाडीतून? आणि फिरवून न्यायचं कुठे? आमची गाडी गॅरेजमध्ये, बॉनेटविना.

"नीट राहा," ते म्हणाले.

"तुम्ही पण," मी म्हणाले.

इतकी वर्षं एका छपराखाली काढलेली माणसं आणि निरोपाला एवढेच शब्द! गाडी वळणापर्यंत दिसली. धूळ मात्र नंतर बराच वेळ होती.

१६ मे, सोमवार

बसने घरी. दार उघडलं तर उंबऱ्याशी त्यांच्या ग्रीस लागलेल्या जुन्या चपला. उचलल्या नाहीत.

१९ मे, गुरुवार

चष्मेवाले आले होते. सगळं ऐकून घेतलं. मधे बोलले नाहीत, ही त्यांची चांगली सवय. मग म्हणाले, "तुम्ही मला आधीच का नाही विचारलंत, ते आपल्याबरोबर राहिले तर चालेल का?"

"तुम्ही तरी कुठे म्हणालात?"

"मला वाटलं, त्यांनाच जायचंय."

सगळ्यांना सगळं वाटलंच! विचारलं कोणी कोणाला नाही. तिघं शहाणी माणसं, आणि एकाच्याही तोंडाला शब्द नाही.

ते पडद्याच्या कापडाचा नमुना घेऊन आले होते. राखाडी. टेबलावर तसाच राहिला.

२४ मे, मंगळवार

आज चष्मेवाल्यांच्या दुकानात जाऊन सांगून आले, मला हे लग्न जमणार नाही. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत भिंतीवरच्या फ्रेम बघत उभी राहिले. प्रत्येक फ्रेमखालच्या आरशात मी, आणि प्रत्येकात म्हातारी.

म्हटलं, एका माणसाला उन्हात उभं करून मी सुखाने घर मांडू शकत नाही. दर वेळी पडदा ओढताना आठवेल.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे अण्णा तिकडे एकटे, तुम्ही इकडे एकट्या आणि मी इथे एकटा. याने नक्की कोणाचं भलं होणार आहे?"

 निघून आले. शिक्षा भोगायला कोणाचं भलं व्हावं लागतं थोडंच.

२८ मे, शनिवार

ताईंना फोन. अण्णा थोडं फिरतात आता, गॅलरीपर्यंत. जेवतात, पण बोलत नाहीत. "तुझ्याशी बोलणार का विचारलं तर मान हलवतात — नको म्हणून."

मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. मग सांगून टाकलं, लग्न मोडलं म्हणून. वाटलं होतं, ताई म्हणतील, बरं केलंस.

त्यांनी आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग, "वेडी आहेस का गं तू? मी त्या दिवशी रागात बोलले, ते धरून बसलीस?"

"नाही ताई. तुमच्या बोलण्यावरून नाही."

"मग? माझा भाऊ गेल्यावर माझ्या बापाला तूच सांभाळलंस. मी सणासुदीला साड्या पाठवण्यापलीकडे काय केलं?"  "हे बघ, अण्णांना हे सांगू नकोस. परत आजारी पडतील."

सांगणार नाही. पण पाइपचं मी ताईंना त्याच फोनवर सांगितलं. दोन्ही गोष्टी. दुकान उघडं होतं तेही आणि काटा बघत होते तेही. आता मला कोणी चांगली म्हणू नये, एवढंच.

ताई म्हणाल्या, "हूं." आणि थोड्या वेळाने, "उन्हात बाहेर पडू नकोस फार."

१ जून, बुधवार

काही नाही. दवाखाना, घर. गॅरेजवाल्याचा निरोप, गाडी तयार आहे, घेऊन जा. नंतर बघू म्हटलं. त्या चढावरून ती एकटीने खाली कशी आणायची?

५ जून, रविवार

सकाळी ताईंचा फोन.  अण्णा घरात नाहीत! पिशवी नाही, गोळ्या नाहीत. काल संध्याकाळी ताई यजमानांशी माझं लग्न मोडल्याचं बोलत होत्या, ते त्यांनी ऐकलं असावं. इकडेच येतील म्हणून मी तशीच इथल्या स्टँडवर धावले. ड्रायव्हरांना विचारलं, कंट्रोलरला विचारलं. "हो हो, आले ना! रात्रीच्या गाडीने, पुढे ड्रायव्हरशेजारी बसून. केव्हाच उतरले." मग घरी का नाही आले?  परत धावत घरी.

दारात दोघं उभे. अण्णा आणि चष्मेवाले. अण्णा स्टँडवरून आधी त्यांच्या दुकानावर गेले होते!

"अण्णा, बसा आधी, पाणी आणते —"

"बसायला नाही आलो. राहायला आलोय, तुम्हा दोघांकडे. याला विचारलं, हा हो म्हणाला. आता तुला विचारतोय."

 त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघांनाही आत घेतलं.